‘प्रभावती’ जपान्यांनी बुडवली नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला जुन्या किनारी आगबोटींवरचा लेख वाचला. ‘प्रभावती’च्या वाट्याला त्यात एकच ओळ आली, आणि तीही चुकीची. ती जपानी हल्ल्यात बुडाली, असं तुम्ही छापलंत. जपान्यांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. डिसेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरच्याच आठवड्यात, ब्रिटिश क्रूझर ‘ग्लासगो’ने तिला रात्री तोफा डागून बुडवलं. तोफा सहा इंची, अंतर ६००० यार्ड. ‘प्रभावती’ दोन बार्ज घेऊन कराचीला निघाली होती. बार्जना खेटून उभी असलेली ही साडेपाचशे टनांची बोट अंधारात क्रूझरवाल्यांना पाण्यावर आलेली जपानी पाणबुडी वाटली. रॉयल इंडियन नेव्हीची गस्तीनौका होती ती. आपल्याच बाजूने आपली बोट बुडवली, हे आज लिहायला कसला संकोच?

माझे आजोबा किनारी बोटीवर सुकाणी होते. लढाईत त्यांचीही बोट सरकारने घेतली. राखाडी रंग फासला, पुढच्या डेकवर तोफ बसवली. कालपर्यंत बंदरोबंदरी आंब्याच्या पेट्या नि लेकुरवाळ्या बाया उतरवणारी माणसं दिवे मालवून रात्र रात्र गस्त घालू लागली. पुढे पेन्शनची चौकशी करायला आजोबा एका कचेरीत गेले. कारकुनाने त्यांची नली, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, चाळली आणि टेबलावरून परत सरकवली. “पॅसेंजर बोटीवर होतात ना? मग लढाई कुठे केलीत?” आजोबांनी त्या कचेरीची पायरी पुन्हा चढली नाही. नली आमच्याकडे आहे. पाणी लागून शाई फुटली आहे, पण बोटीचं नाव वाचता येतं.

तुमचा लेखही त्या कारकुनासारखंच बोलतो. म्हणे, ‘काही बोटी सरकारी कामाला लागल्या’! त्या लढाईत गेलेल्या हजारो हिंदी खलाशांच्या नावांची स्मृतिवही मुंबईतच, मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहे. लेख लिहिण्याआधी तिथे कुणी गेलं होतं का?

आणि तो फोटो! विलायतेला जाणारं अवाढव्य जहाज छापून खाली ‘कोकणची आगबोट’? आमच्या बंदरात ते शिरलं तरी असतं का?

दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी. आतल्या कोपऱ्यात नको.

आपला,
एक वाचक, हर्णै