निळ्या बाटल्या छापता, मग जांभळी गोगलगाय का नको?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

पाऊस लागला की आपल्या पेपरात एक बातमी ठरलेली असते, गोव्याच्या किनाऱ्यावर विषारी जेलीफिश, पर्यटकांनी सावध राहावं. बातमी गरजेचीच आहे ओ, आम्ही बेळगावकर सुट्टी मिळाली की चोर्ल्यातून नाहीतर आंबोलीतून गाडी काढतोच, मग निळ्या बाटल्यांपासून, म्हणजे बातमीतल्या त्या डंख मारणाऱ्या ‘ब्लू बॉटल’ जेलीफिशपासून, लांब राहा हे कुणीतरी सांगायला हवंच (त्या खऱ्या जेलीफिशपण नव्हेत, पण ते असूदे). माझं म्हणणं एवढंच की त्याच वाऱ्याबरोबर अजून एक जीव किनाऱ्याला लागतो, त्याच्यावर आजवर एक ओळ वाचली नाही.

ती म्हणजे जांभळी समुद्री गोगलगाय, शास्त्रीय नाव जँथिना जँथिना. शिरोड्याला वेळागरच्या वाळूत आम्हाला दिसली, जेमतेम इंचभर, शंख इतका पातळ की चिमटीत धरायची भीती वाटावी, टोकाकडे फिकट आणि तोंडाकडे गडद जांभळा, आणि तोंडाशी बुडबुड्यांचा पुंजका. मुलगी म्हणाली, बाबा, कुणीतरी शाम्पूचा फेस टाकलाय. तो फेसच हिची होडी! मोठी झाल्यावर हिला पोहता येत नाही, म्हणून पायाने हवा पकडायची, तिच्यावर चिकट द्रव गुंडाळायचा, तो घट्ट झाला की त्याला उलटं लटकून भर समुद्रात वारा नेईल तिकडं जायचं, आणि फेस सुटला की बुडालीच. उलटी असल्यामुळे गडद बाजू वर येते, पक्ष्याला ती निळ्या पाण्यात दिसत नाही, आणि खालून बघणाऱ्या माशाला फिकट बाजू उजेडात कळत नाही. आणि खाते काय, तर ज्यांचा डंख बसला की आपण बोंबलत दवाखाना गाठतो त्याच निळ्या बाटल्या! वर आधी नर असते आणि पुढे मादी होते, यावर आमच्या घरात जेवणं होईपर्यंत चर्चा.

आता लोक काय करतात, पोरांच्या हातात पाण्याची रिकामी बाटली देतात आणि दिसेल तो शंख भर म्हणतात. आत जीव आहे की नाही बघत नाहीत, आणि ही जिथं दिसते तिथं निळ्या बाटल्यांचे धागेही वाळूत पडलेले असू शकतात, तुटलेला धागासुद्धा डंख मारतो, हे तर कुणाच्या गावीही नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी ती बातमी लावताना शेजारी हिची एक चौकट द्या. आणि फोटो रंगीत छापा, काळा-पांढरा आला तर परसातली गोगलगाय आणि ही एकच दिसायची.

आपला एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव