थिएटरमधल्या सहकाऱ्यांचे आभार

सोलापुरातल्या ऑपरेशन थिएटरांमधल्या सिस्टर, टेक्निशियन आणि मामा-मावशींचे आम्हा भूलतज्ज्ञांकडून मनापासून आभार.

भुलेत औषधाची तीव्र ॲलर्जी आली तर रुग्ण बोलत नाही, पुरळही चादरीखाली झाकलेलं. आधी बीपी कोसळतं, श्वासनलिकेतला दाब वाढतो. तेवढ्यात कुणीतरी न सांगता ॲड्रेनलिनची १ मिग्रॅची अँप्युल सलाइनने १० मिली करून, लेबल लावून हातात देतं. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धा मिली, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, शिरेतून. लेबल नसेल तर दहापट चूक सहज होते!

सलाइन दाबून भराभर सोडणारे, ट्रिप्टेजच्या (ॲलर्जीची खात्री करायला मदत करणारी रक्ततपासणी) नमुन्यावर वेळ लिहून लॅबकडे पळणारे, मे महिन्यात वीज गेली की स्नायू सैल करणाऱ्या ॲट्राक्युरियमचा फ्रिज २ ते ८ अंशांवर आहे ना हे बघणारे (याची दखल कोण घेतं?), सगळ्यांचेच. अँटिबायोटिक दिल्याची वेळ मिनिटासह लिहिणाऱ्या सिस्टरचे जरा जास्तच. दोषी औषध शोधताना पहिला धागा तोच.