चॉसरच्या ओळी लंगड्या नव्हत्या

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जेफ्री चॉसर या चौदाव्या शतकातील इंग्रज कवीवरचा लेख आवडला. मात्र ‘चॉसरने इंग्रजी भाषा घडवली’ हे त्यातील विधान मला पटले नाही. भाषा एका माणसाच्या हातून घडत नसते. न्यायालयांतील वादविवाद फ्रेंचऐवजी इंग्रजीत व्हावेत असा कायदा इंग्लंडमध्ये १३६२ मध्ये झाला, तेव्हा चॉसर जेमतेम विशीत होता आणि त्याचे महत्त्वाचे लेखन अजून व्हायचे होते. पुढे लँगलंड आणि गॉवर हे त्याचे समकालीन कवीही इंग्रजीत लिहीतच होते.

चॉसरचे श्रेय निराळे आहे. १३७४ पासून बारा वर्षे तो लंडनच्या बंदरात लोकरीच्या जकातीचे हिशेब तपासत होता, आणि माणसे न्याहाळण्याची त्याची नजर ‘कँटरबरी टेल्स’ या यात्रेकरूंच्या कथांच्या काव्यात ओळीओळीत दिसते. त्यातील मठाधिकारी बाई फ्रेंच अगदी डौलात बोलतात, पण ते लंडनजवळच्या स्ट्रॅटफर्डचे फ्रेंच, कारण पॅरिसचे फ्रेंच त्यांना ठाऊकच नाही, असे कवी साळसूदपणे सांगतो. यात्रेकरूंबरोबरच्या आचाऱ्याच्या नडगीवर एक वाहते गळू आहे; त्याबद्दल हळहळ व्यक्त करून कवी लगेच पुढच्या ओळीत म्हणतो की कोंबडीचा पांढरा रस्सा मात्र तो उत्तम करतो. दोन्ही ठिकाणी एका शब्दाचीही टीका नाही, आणि तरीही वाचकाला जे कळायचे ते कळते. पात्राला नावे न ठेवता त्याच्या लकबींतूनच त्याला उघडे पाडण्याची ही रीत इंग्रजी कादंबरीने पुढे इतकी आपलीशी केली की तिचा मूळ धनी कोण, याचा विसर पडावा.

छंदांच्या बाबतीत ऋण अधिक सहज दाखवता येते. सात ओळींचे जे कडवे चॉसरने इंग्रजीत रुळवले, त्याच कडव्यात शेक्सपिअरने १५९४ मध्ये ल्युक्रीस या रोमन स्त्रीवरचे दीर्घकाव्य लिहिले. आणि त्याने नाटककार फ्लेचरबरोबर लिहिलेल्या ‘द टू नोबल किन्समेन’ या नाटकाच्या नांदीत तर नाटकाची कथा चॉसरची असल्याचे नाव घेऊन सांगितले आहे.

परंतु लेखात मुळीच न आलेली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. चॉसरच्या काळी शब्दांच्या शेवटी येणारा ‘ए’ पुष्कळ ठिकाणी उच्चारला जाई. तो उच्चार लोपला तशा त्याच्या ओळी पुढच्या पिढ्यांना एखादे अक्षर कमी पडल्यासारख्या, लंगड्या वाटू लागल्या. कवी ड्रायडनने १७०० मध्ये चॉसरच्या काही कथा नव्या इंग्रजीत आणल्या, त्याला इंग्रजी काव्याचा जनक म्हटले, आणि त्याच प्रस्तावनेत त्याचे वृत्त ओबडधोबड असल्याचेही सांगून टाकले. दोष कवीचा नसून आपल्या कानांचा आहे, असे म्हणणाऱ्या एका जुन्या संपादकाची त्याने तिथे चक्क खिल्ली उडवली आहे. बरोबर होता तो संपादकच. टॉमस टिरविट या अभ्यासकाच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या १७७५ च्या आवृत्तीने हे नीट उलगडून दाखवले. म्हणजे दीर्घकाळ ज्या कवीचा ताल वाचकांना नीट ऐकूच येत नव्हता, त्याचा प्रभाव तरीही टिकला, आणि तो टिकला तो प्रामुख्याने त्याने उभ्या केलेल्या माणसांच्या बळावर. ‘जनक’ ही पदवी लावून आपण मोकळे होतो, तेव्हा हा भाग नेमका नजरेआड होतो.

जाता जाता आणखी एक दुरुस्ती. १४०० मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये चॉसरचे दफन ‘महाकवी म्हणून’ झाले, असे लेखात म्हटले आहे. प्रत्यक्षात तो राजाचा जुना नोकर होता आणि आदल्याच वर्षी त्याने ॲबीच्या आवारातील एक घर त्रेपन्न वर्षांच्या कराराने भाड्याने घेतले होते. आजची संगमरवरी समाधी १५५६ मधली. १५९९ मध्ये कवी स्पेन्सरला तिच्याजवळ पुरले गेले आणि मग त्या जागेला हळूहळू कवींचा कोपरा म्हणून ओळख मिळत गेली.

आपला,
एक नियमित वाचक