डिस्चार्ज बुकातली राहिलेली ओळ

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

दरवर्षी १६ डिसेंबरला विजय दिवस साजरा होतो. आमच्या सातारा जिल्ह्यात कराडला तर त्याचा मोठा समारोह भरतो, आणि १९७१ च्या युद्धात भाग घेतलेल्या जवानांच्या सत्काराची छायाचित्रे आपल्या दैनिकात आवर्जून येतात. त्या छायाचित्रांत छातीवर दिसणाऱ्या पदकांविषयी, खरे तर तिथे असायला हवीत पण कागदावर नोंद नसल्यामुळे नाहीत अशा पदकांविषयी, मला लिहायचे आहे.

माझे वडील १९६७ साली पायदळात भरती झाले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवेच्या नोंदवहीत, पदकांच्या रकान्यात निळ्या शाईने संग्राम पदक, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनाचे पदक, सैन्य सेवा पदक आणि दीर्घ सेवेची पदके लिहिलेली आहेत. पूर्वी स्टार मात्र नाही. सेनेबाहेरच्या वाचकाला हा फरक किरकोळ वाटेल, म्हणून थोडे सांगतो. संग्राम पदक त्या काळात सेवेत असलेल्या बहुतेक सगळ्यांना मिळाले. पूर्व आघाडीवर जे प्रत्यक्ष होते त्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिम आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार मिळाला. ज्याच्या बुकात दोन्हींपैकी एकही स्टार नाही, त्याने ते युद्ध कुठल्या तरी शांत छावणीत बसून काढले, असाच अर्थ बुक वाचणारा काढतो. माझ्या वडिलांना सलते ते एवढेच.

घडले ते असे. १९७१ च्या पावसाळ्यानंतर त्यांची पलटण पश्चिमेकडे असताना त्यांच्यासह काही जवान पूर्वेकडच्या दुसऱ्या एका युनिटला तात्पुरते जोडले गेले. फौजेच्या भाषेत ते ‘अटॅच’ होते. डिसेंबरातले दोन आठवडे आणि त्यानंतरचे दोन महिने त्यांनी तिकडेच काढले. पुढे पदकांसाठी नावांच्या याद्या गेल्या, तेव्हा त्यांच्या पलटणीने त्यांचे नाव घातले नाही, कारण ते हजर नव्हते, आणि ज्या युनिटबरोबर ते होते त्यानेही घातले नाही, कारण ते त्यांच्या पटावर नव्हते. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, त्यातला प्रकार. तरुण वयात त्यांनी कधी तक्रार केली नाही. बदल्या, शेती, बहिणींची लग्ने यांत वीस-पंचवीस वर्षे निघून गेली.

प्रश्न पुढे आला तो अगदी साध्या प्रसंगातून. एका सत्काराला निघताना शेजारच्या गावच्या माजी सैनिकाने सुचवले की पदकांच्या दुकानात स्टार विकत मिळतो, रिबिनीसकट लावून टाका, कोण विचारतो? वडील म्हणाले, “बुकात नाही, तर मी लावणार नाही.” तेव्हा बुकात काय आहे आणि काय असायला हवे, हे मी पहिल्यांदा नीट वाचले.

आम्ही २०२१ मध्ये जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मार्फत त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे जवानांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या सेनेच्या कार्यालयाकडे, अर्ज केला. (माझी तक्रार एका कार्यालयापुरती नाही, म्हणून त्याचे आणि पलटणीचेही नाव मी मुद्दाम देत नाही.) अकरा महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले की उपलब्ध नोंदीत सदर पदकाची पात्रता आढळत नाही. कोणत्या नोंदी पाहिल्या आणि कोणत्या पाहिल्या नाहीत, यावर अवाक्षर नव्हते. फोनवर एका कारकुनाने मला सरळच विचारले की या स्टारमुळे पेन्शन वाढत नाही, मग तुम्हाला तो हवा कशाला? प्रश्न उद्धटपणे विचारलेला नव्हता, हे मी कबूल करतो. पण अशा दुरुस्त्या कार्यालयात नेहमी गठ्ठ्याच्या तळाशी का राहतात, याचे उत्तर त्या प्रश्नातच आहे. पैशाशी संबंध नसलेल्या नोंदीची घाई कुणालाच नसते.

पुरावा शेवटी आमच्या घरातच सापडला. आईच्या लोखंडी ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली वडिलांनी पाठवलेली आंतरदेशीय पत्रे बांधून ठेवलेली होती. त्यांतल्या डिसेंबर १९७१ च्या पत्राखाली त्यांनी आपला पत्ता ‘मार्फत ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे सेनेचे टपाल कार्यालय) असा लिहिलेला आहे. पूर्वेकडच्या फौजेची टपाल ९९ एपीओच्या पत्त्यावर जाते आणि पश्चिमेकडची ५६ एपीओच्या, हे कोणताही फौजी झोपेतसुद्धा सांगेल. उन्हाळ्यातल्या पत्रावर ५६ आहे, डिसेंबरातल्या पत्रावर ९९. पत्रात युद्धाबद्दल एक शब्द नाही. गायीला दिवस किती भरले आणि विहिरीचे काम कुठवर आले, एवढीच चौकशी आहे.

या पत्राच्या प्रतीसह २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आम्ही नवा अर्ज केला. या वेळी स्टार मागितला नाही. ऑक्टोबर १९७१ ते मार्च १९७२ या काळातल्या त्यांच्या नावाच्या पार्ट टू ऑर्डरच्या (जवानाच्या बदल्या, हजेरी वगैरेंची नोंद करणारे युनिटचे आदेश) आणि शीट रोलच्या (जवानाच्या सेवेचा नोंदपट) प्रती मागितल्या. पहिल्या अपिलानंतर त्या मिळाल्या. त्यांत पूर्वेकडच्या युनिटमध्ये हजर झाल्याची आणि परत पलटणीत आल्याची, दोन्ही तारखांसह नोंद स्वच्छ होती. ज्या कार्यालयाने पात्रता आढळत नाही असे लिहिले, त्याच्याच कपाटात पात्रतेचा कागद पन्नास वर्षे पडून होता. त्यानंतर मात्र काम लवकर झाले, हेही सांगितले पाहिजे. २०२४ मध्ये दुरुस्तीचे पत्र आले आणि आम्ही ते डिस्चार्ज बुकाला जोडले.

एका घरचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी मी आपल्या स्तंभाची जागा अडवली नसती. पण या निमित्ताने तालुक्यातली सहा-सात बुके पाहायला मिळाली आणि त्यांतल्या दोघांची गोष्ट जवळजवळ हीच निघाली. दोघेही युद्धाच्या वेळी पलटणीबाहेर होते. एक जण जखमी होऊन लष्करी इस्पितळात होते, दुसरे माझ्या वडिलांसारखे अटॅच. म्हणजे नोंदी कुठे सुटतात ती जागा ठरलेली आहे, आणि शोध घ्यायचाच तर तिथून सुरुवात करता येईल.

शौर्यपदकांचे तसे नसते. वीरचक्र किंवा सेना पदक मिळालेल्याचे नाव भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होते, त्यामुळे बुकात नोंद करायची राहून गेली तरी राजपत्राचा अंक दाखवून ती करून घेता येते. पूर्वी स्टारसारखी मोहिमेची पदके हजारोंना मिळतात आणि त्यांची नावे राजपत्रात येत नाहीत. त्यांचा आधार म्हणजे युनिटने काढलेल्या पार्ट टू ऑर्डर आणि पदकांच्या याद्या, आणि हे सगळे कागद रेकॉर्ड ऑफिसच्या ताब्यात असतात. जवानाच्या हाती यातले काहीच नसते. असे असताना पुरावा आणण्याचे ओझे सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसावर टाकणे मला उलटे वाटते. ज्याच्याकडे कागद आहे त्याने तो उघडून पाहावा. माहिती अधिकारात मागितल्यावर जो कागद सापडतो, तो साध्या अर्जावरही सापडायला हवा.

अमेरिकेतले एक उदाहरण या संदर्भात आठवते. १२ जुलै १९७३ रोजी तिथल्या सेंट लुईस शहरातल्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राला आग लागून सैनिकांच्या सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. तरीही पगाराची बिले, युनिटच्या हजेऱ्या असे इतरत्र उरलेले कागद जुळवून माणसाची सेवा पुन्हा उभी करण्याचे काम तिथे चालते, राहिलेली पदके सेवापत्राला पुरवणी जोडून दाखल होतात, आणि सैनिक हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकालाही अर्ज करता येतो. तिथेही वर्षानुवर्षे वाट पाहणारे आहेतच, त्यामुळे त्या देशाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण तिथे कागद जळाले, आमच्या बाबतीत ते फक्त कुणी उघडले नव्हते.

घाई करण्याला कारण आहे. १९७१ साली वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. त्यातही जे पेन्शनइतकी सेवा न करता बाहेर पडले, त्यांची कागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट करण्याची तरतूद सेनेच्या नियमावलीत आहे, आणि अनेकांच्या बाबतीत ती मुदत केव्हाच उलटली आहे. पेन्शनधारकांची नावे, सेवाक्रमांक आणि हयातीचे दाखले आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर एकत्र आहेत. १९७१ मध्ये सेवेत असलेले आणि आज हयात असलेले पेन्शनधारक त्यातून वेगळे काढून, स्टारची नोंद नसलेल्यांच्या पार्ट टू ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसांनी स्वतःहून तपासाव्यात, अशी माझी सूचना आहे. इस्पितळात किंवा अटॅच असलेल्यांपासून सुरुवात केली तर काम आवाक्यात राहील. हयातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्या माजी सैनिकाचे बुक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने त्याच वेळी चाळले आणि कोणत्या वर्षी कुठे होता एवढे विचारले, तरी बरेच काम होईल.

ज्या वाचकांच्या घरी असे बुक असेल त्यांना एक विनंती. पदकांचा रकाना वाचा, त्या वर्षांची पत्रे असतील तर टाकू नका, आणि पेटीत पदक असेल तर त्याची कड उजेडात धरून पाहा. तिथे सेवाक्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. त्या इंग्रजी अक्षरांतले नावाचे स्पेलिंग आणि पेन्शनच्या कागदावरचे स्पेलिंग जुळत नसेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या. आमचे चार महिने केवळ एका जादा अक्षरामुळे गेले.

नोंद झाली, प्रत्यक्ष स्टार अजून आलेला नाही. त्यासाठी वेगळी मागणी नोंदवावी लागते असे कळले, ती आम्ही नोंदवली आहे. पोस्टमन आला की वडील अजून ओट्यावर जाऊन उभे राहतात.

आपला विश्वासू,
एका माजी सैनिकाचा मुलगा
ता. कोरेगाव, जि. सातारा