बंड्या, तो स्विच उघडला

प्रिय बंड्या,

चार महिने झाले तुझ्या मेसेजला, मी नुसता अंगठा टाकून गप्प बसलो, त्याबद्दल आधी मनसोक्त शिव्या घाल आणि मग पुढं वाच. तब्येत बरी आहे, साखर जरा वर गेलेली, गोळी चालू केलीय. आईचा गुडघा तसाच. झालं आजारपण.

आता खरं सांगतो. परवा रात्री गॅरेजमध्ये बसून आबांच्या गाडीचा हेडलाइटचा स्विच उघडला. जुना, खेचायचा. आंबा घाटात दगा दिला तोच. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही आणि हे दुसऱ्या कुणाला सांगून काही उपयोग नाही, हिला सांगितलं तर म्हणाली तीस वर्षांपूर्वीच्या स्विचचं काय घेऊन बसलाय. तुला कळेल म्हणून लिहितोय.

गाडी पूर्ण उघडलीय हे तुला माहीत आहे. पत्रा झाला, रंग अजून व्हायचाय, इंजिन बसलंय, ९४८ सीसीचं तेच, आणि आता वायरिंगला हात घातलाय कारण पुढच्या महिन्यात आरटीओला पासिंगला न्यायचीय. व्हिंटेजच्या नंबराचं बघितलं होतं मी, तो २०२१ चा नियम, पण त्यात पन्नास वर्षं झालेली गाडी मूळ रूपातच लागते, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल चालत नाही. आपली चेसिस मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीची, १९६४ ची, आणि बॉडी उद्यमनगरात चाचांनी ठोकून केलेली, दोन सीटची, वरनं उघडी. ती कुठली बसायला त्यात. आबांनी ७२ साली बॉडीचा बदल रीतसर आरसी बुकात चढवून घेतला होता म्हणून निभावतंय, नुसतं दर पाच वर्षांनी रिन्यू करत राहायचं. बाकी हेराल्ड होती म्हणून तर हे जमलं बघ, चेसिस वेगळी आणि बॉडी वेगळी बोल्टनी बसवलेली, त्या इटालियन डिझायनरनं, मिकेलोतीनं काढलेला तो देखणा पत्रा गंजला तो उतरवला आणि खाली चालती गाडी शिल्लक. फियाटचं असं करता आलंच नसतं, तिची बॉडी हीच तिची चेसिस. तू फियाट फियाट करत बसायचास आणि आबा तुला हेच समजावून सांगायचे, आठवतंय?

तर स्विच. आंबा घाटानंतर आबांनी तो काढला आणि डॅशबोर्डच्या त्याच भोकात पत्र्याची चकती लावून साधा खटक्याचा टॉगल स्विच बसवला होता, तू मग गाडीत कधी बसलाच नाहीस म्हणून तुला माहीत नसेल. मला वाटायचं जुना फेकून दिला. परवा त्यांचं लोखंडी कपाट आवरताना बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सापडला, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, वायरचे वीतभर तुकडे त्याला तसेच.

स्विचच्या मागची फायबरची चकती पत्र्याच्या चार पाकळ्या दुमडून धरलेली असते ना, त्यातली एक पाकळी मोडलेली आणि तिथं तांब्याच्या तारेचे तीन वेढे. आबांची गाठ. म्हणजे त्यांनी तो उघडून बघितला होता.

मीही उघडला. आणि बंड्या, तुझे सोल्डरिंगचे डाग शाबूत आहेत. एकूण एक. पार्किंगची लाल वायर, हेडलाइटची निळी, बॅटरीकडून येणारी तपकिरी, तिन्हींवर तुझ्या त्या काळ्या स्लीव्हा, कथील अजून चकाकतंय. मी ओढून बघितलं, पक्कडनं ओढलं. हलत नाही.

जळालाय तो आतला हेडलाइटचा काँटॅक्ट. पितळेची पट्टी निळसर पडून मऊ झालीय, स्प्रिंगचा दाब गेलेला, खालचं फायबर कोळसा. आणि त्याच टर्मिनलवर निळ्या वायरच्या शेजारी एक पिवळी वायर आहे, बिनस्लीव्हची, नुसता पीळ देऊन वर टेप. ती पिवळी वायर माझी आहे. लक्ष्मीपुरीतनं आणलेली, फॉग लँपसाठी. निघायच्या दिवशी सकाळी तू अंघोळीला गेलेलास तेव्हा मी ती जोडली, बॅटरीपासून वेगळी लाइन ओढायला वेळ नव्हता म्हणून सरळ स्विचच्या मागंच.

हिशोब केला मी कागदावर. जुने सीलबंद दिवे, सीलबीम, काढून आपण ६०/५५ चे हॅलोजन टाकलेले, अप्परला, म्हणजे लांबच्या झोताला, दोन्ही मिळून १२० वॅट, बारा व्होल्टला दहा अँपियर. ते तो स्विच कसंबसं सोसत होता. त्यावर माझे ५५ चे दोन फॉग, म्हणजे आणखी नऊ. एकोणीस अँपियर त्या नखाएवढ्या पितळेतनं, आणि मलकापूर सोडल्यापासून धुकं म्हणून आपण सगळंच लावून चाललेलो. काँटॅक्ट तापला की स्प्रिंग मऊ होते, स्प्रिंग मऊ झाली की दाब कमी, दाब कमी की आणखी तापतो. त्याचा शेवट त्या वळणावर झाला. हेडलाइट, फॉग, सगळं एकदम गेलं, कारण सगळं एकाच ठिकाणाहून घेतलेलं. आणि तू त्या काळोखात पावसात गाडी कठड्याला घासून उभी केलीस म्हणून मी हे पत्र लिहायला शिल्लक आहे.

आणि मी काय म्हणालो तुला तिथं रस्त्यावर उभा राहून, ते मी लिहीत नाही. तुझा डाग सुटला, तुझी सोल्डरिंग, तुझा हलगर्जीपणा. साखरप्यापर्यंत ट्रकमागनं आलो पण एकमेकांशी शब्द नाही. दोन वर्षं. माझ्या लग्नाला तू नव्हतास. नंतर बोलायला लागलो तरी ते तसंच राहिलं मध्ये, मला माहीत आहे.

मी तेव्हा खोटं बोललो नाही रे, मला खरंच तसं वाटलं होतं. पण मी स्विच उघडून बघितला नाही. ती पिवळी वायर डोक्यातनं साफ गेली, किंवा मी जाऊ दिली. आबांनी उघडला, बघितला, पिवळी वायर कुणाची हे त्यांना सांगायची गरज नव्हती, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. दर दिवाळीला फक्त विचारायचे, बंड्याला फोन केलास का. चिडायचो मी. आता कळतंय का विचारायचे.

माफ कर, बंड्या. चूक माझी होती.

आता कामाचं, कारण यात मला तुझं मत पाहिजेच आणि तुझं ऐकणार आहे.

स्विच कुठला लावू? महिनाभर याच्यात अडकलोय. डॅशबोर्ड तोच सागवानी, डावीकडचं भोकही तेच, दुसरं भोक मी पाडणार नाही. टॉगल लावावा तर बाजारात मिळतात त्यांच्यावर २५० व्होल्ट १० अँपियर छापलेलं असतं, ते एसीचं, घरच्या विजेचं. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, बॅटरीच्या डीसीत विझायला तसं काही नाही. शिवाय बल्ब गार असताना फिलामेंटचा रेझिस्टन्स दहाव्या भागाएवढाच असतो, त्यामुळं लावल्या क्षणी करंट कितीतरी पट उसळतो. छापलेल्या आकड्यावर जाऊन चालत नाही. ट्रॅक्टरचा फिरवायचा स्विच मजबूत, पण त्या लाकडावर तो बघवत नाही. मारुतीचा स्टिअरिंगवरचा दांडा बसवून दे म्हणून वायरमन मामा मागं लागलेत. सोयीचं आहे, मान्य, पण आबांनी खेचायचा स्विच निवडला होता तो अंधारात हात न चाचपता सापडतो म्हणून. पहिल्या खेचेला पार्किंग, दुसऱ्या खेचेला हेडलाइट, आणि लांबचा-जवळचा झोत बदलायचा डिपर पायाशी अँबॅसडरसारखा. हात स्टिअरिंगवरच.

म्हणून ठरवतोय असं की आबांचाच स्विच दुरुस्त करून लावायचा. उद्यमनगरात फॉस्फर ब्राँझची पत्ती मिळाली, ती कापून नवा काँटॅक्ट केला, चकती नवीन फायबरची कापून घेतली. पण हेडलाइटचा करंट त्यातनं जाऊ द्यायचा नाही. त्यानं फक्त रिले ओढायचे, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, रिलेच्या कॉइलला अँपियरचा पाचवा हिस्सासुद्धा लागत नाही. पार्किंगचे चार पाच-पाच वॅटचे बल्ब तेवढे थेट स्विचमधनं, ते पावणेदोन अँपियर, ते त्याला जड नाहीत. अप्परला एक रिले, जवळच्या झोताला वेगळा. बॅटरीपासून रिलेपर्यंत चार स्क्वेअर मिलिमीटरची वायर, पुढं अडीचची, आणि चारी फिलामेंटना चार वेगळे फ्यूज, दहा-दहाचे. तुला आठवत असेल या गाडीच्या हेडलाइटला फ्यूजच नव्हता, ब्रिटिश वळणाच्या वायरिंगमध्ये देतच नसत, एक फ्यूज उडून दोन्ही दिवे जाऊ नयेत म्हणून. चार केले की एक उडाला तरी तीन राहतात. फीड मात्र इग्निशनवरनं घेत नाही, थेट बॅटरीचीच, चावीचं काही बिनसलं तरी उजेड राहायला पाहिजे.

मामा म्हणतात रिले म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू. त्यांचं अगदीच चुकत नाही. पण मी मोजून बघितलं. सगळं उतरवायच्या आधी, इंजिन चालू, बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बवर ११.६. सव्वादोन व्होल्टच्या वर वाटेतच गेले, थोडे टॉगलमध्ये, थोडे जुन्या बारीक वायरीत आणि बाकीचे हेडलाइटच्या वाडग्याच्या गंजलेल्या अर्थमध्ये. व्होल्टेज एवढं पडलं की उजेड जवळजवळ निम्मा होतो. आबा शेवटी शेवटी म्हणायचे रात्री दिसत नाही, आणि आपण त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. मोतीबिंदू होता, पण निम्मा उजेड गाडीतच मरत होता रे. आता प्रत्येक दिव्याला वेगळी काळी अर्थ वायर बॅटरीपर्यंत ओढलीय. तात्पुरतं जोडून मोजलं, बल्बवर १३.५. समोरच्या भिंतीच्या विटा मोजता येतात.

एक गोष्ट मात्र मामांना पटत नाहीये आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डॅशबोर्डच्या खाली, उजव्या गुडघ्याजवळ, एक दाबून बसणारं छोटं बटण. थेट बॅटरीकडनं वेगळ्या बारीक फ्यूजनं अप्परच्या रिलेला. मेन स्विच गेला, पायातला डिपर पाण्यानं गंजून गेला, तरी ते दाबलं की अप्पर लागलाच पाहिजे. मामा म्हणतात कशाला उगाच, कोण बघणार. मी त्यांना आंबा घाट सांगितला नाही. तू सांग, लावू ना?

आणि ते आपलं जुनं भांडण, तू डागाच्या बाजूचा, मी वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या लगच्या. मी अजूनही म्हणतो गाडीत थरथर असते, डाग दिला की वायर त्याच्या कडेला ताठ होते आणि तिथंच तुटते. पण तुझ्या तीन वायरी तीस वर्षं डब्यात पडून, त्याआधी घाट-खड्डे खाऊन हललेल्या नाहीत, कारण तू स्लीव्ह लांब घातलीस आणि टर्मिनलपासून दोन बोटांवर वायर बांधून टाकलीस. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. रिलेकडच्या सगळ्या लग मी दाबून घेतल्यात. स्विचच्या मागच्या वायरी सोललेल्या तशाच सोडल्यात. त्या तू लावायच्यास.

तुझ्या पोरीचं काय झालं, सीईटीचा निकाल लागला ना? कॉम्प्युटरच पाहिजे म्हणत होती का अजून? वहिनींना नमस्कार सांग, नव्या फ्लॅटची शांत चुकवली मी, त्याचंही वाईट वाटतंय. तुझ्या कंबरेचं बघ जरा, दिवसभर खुर्चीत बसू नको.

श्रावण संपायच्या आत ये. शनिवारी सकाळी निघालास तर दुपारी जेवायला पोचशील, आई तुझ्यासाठी खरवस करते म्हणालीय. स्विच लावू आणि रात्री पन्हाळ्यापर्यंत जाऊन येऊ, आंबा घाट नंतर, तू म्हणशील तेव्हा. गाडी तू चालव.

तुझा,
पम्या

ता.क. स्विचची मूठ फुटलीय, हस्तिदंती रंगाची, वर एल कोरलेली. बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मार, तिथं जुन्या गाड्यांच्या मुठी पोत्यात पडलेल्या असतात. दांडा पाव इंची आहे, बाजूनं स्क्रू. रंग थोडा इकडंतिकडं चालेल. आणि तुझी ती जुनी सोल्डरगन घेऊन ये, माझी तेवढी तापत नाही.