‘उडती तबकडी’ छापण्यापूर्वी

महोदय,

लडाखच्या आकाशात अनोळखी प्रकाशगोल दिसल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात आणि दर वेळी २०१२ सालचा दाखला दिला जातो. त्या वर्षी पँगाँग सरोवराच्या परिसरातील जवानांना चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून पिवळसर गोल वर येताना, तीन ते पाच तास संथपणे आकाश ओलांडताना आणि मग नाहीसे होताना वारंवार दिसले होते. दाखला देणारे बहुधा येथेच थांबतात, म्हणून पुढची हकीकत कळवीत आहे.

लष्कराने बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेतली. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच, हानले येथे, सुमारे ४५०० मीटर उंचीवर आहे. तेथील आकाश रोज पाहणाऱ्या या शास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या, तेव्हा ते गोल म्हणजे गुरू आणि शुक्र असल्याचे निष्पन्न झाले आणि २०१३ मध्ये तशी वृत्तेही प्रसिद्ध झाली. डिसेंबर २०१२च्या आरंभी गुरू प्रतियुतीत होता, म्हणजे सूर्य मावळता मावळता तो पूर्वेला उगवत होता, तर शुक्र पहाटे दिसत होता.

यावरून जवानांची थट्टा करणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. विरळ, कोरड्या हवेत आणि शहरी उजेडाचा मागमूस नसलेल्या काळोखात ग्रह किती प्रखर दिसतात, याची पुण्यात बसून कल्पना येत नाही. शिवाय सीमेपलीकडून वर येणारी प्रत्येक वस्तू टिपून ठेवणे हे तर त्यांचे कर्तव्यच. त्यांनी नोंदी ठेवल्या म्हणूनच उलगडा झाला.

एकटा ठिपका काळोखात हलल्यासारखा का वाटतो, हे मी कोथरूडच्या आमच्या गच्चीवर अनुभवले आहे. पश्चिमेला टेकडीवर आलेला शुक्र लाल-हिरवा लुकलुकत होता आणि माझा नातू ‘आजोबा, ते विमान इकडेच येतंय’ असे ठामपणे सांगत होता. मी त्याला पाण्याच्या टाकीजवळ उभे केले आणि टाकीच्या कडेला लागून तो ठिपका पाहायला सांगितले. ठिपका जागचा हलेना. नजरेला आधार नसला की डोळ्यांच्या सूक्ष्म हालचालीच आपण त्या ठिपक्याला चिकटवतो. आणि क्षितिजाजवळच्या हवेच्या जाड थरातून प्रकाश वाकत येतो, त्यामुळे रंग बदलत राहतात.

प्रत्येक प्रकाश ग्रहच असतो, असे माझे म्हणणे नाही. २०२२च्या गुढीपाडव्याच्या रात्री महाराष्ट्रभर दिसलेल्या जळत्या रेघा खरोखरच हलत होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे सापडले आणि त्या रेघा चिनी अग्निबाणाच्या अवशेषांच्या असल्याचा अंदाज तज्ज्ञांनी वर्तवला.

तेव्हा आपल्या वार्ताहरांना माझी कळकळीची विनंती आहे. वस्तू किती वाजता, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती मुठी उंचीवर आणि किती वेळ दिसली, एवढे तरी बातमीत द्यावे. हात लांब करून धरलेली एक मूठ साधारण दहा अंशांची भरते. आयुका ही खगोल-संशोधन संस्था आणि ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था पुण्यातच आहेत, त्यांच्याकडे बातमी छापण्याआधी चौकशी करता येईल. आणि उलगडा झाला, तर तोही मूळ बातमीच्याच पानावर, तेवढ्याच मथळ्याने यावा.

– एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे