पिस्टन जळाला म्हणून पोराचा पगार कापू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पत्र लांबलंय, कापायचं असेल तर शेवटून कापा, मधलं तेवढं राहू द्या.

आपल्या नागपूरच्या आसपास पाणी भरपूर आहे, रामटेकला खिंडसी आहे, तिकडे भंडाऱ्याकडे गोसेखुर्द, आणि या पाण्यावरच्या बोटींमागे कुठेकुठे अजूनही जुनी टू स्ट्रोक मोटर लटकलेली दिसते. अशीच एक दोन सिलिंडरची मोटर एका बोटवाल्याने माझ्याकडे आणली, मी आयुष्यभर टू स्ट्रोकचीच कामं केली म्हणून. दोरी ओढली तर फिरेना. शोरूमवाल्याने न उघडताच सांगितलं की जुनं मॉडेल आहे, पार्ट मिळणार नाही, नवीन घ्या. आणि मालकाने घरी येऊन काय केलं, तर पेट्रोलमध्ये तेल मिसळणाऱ्या पोराचा पगार कापला, की तूच तेल कमी टाकलं म्हणून पिस्टन पकडला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला.

ज्यांनी टू स्ट्रोक पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगतो, अशा जुन्या मोटरीत तेलाचा वेगळा साठा नसतो, पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, पन्नासास एक म्हणजे लिटरमागे २० मिली. तेच तेल जाता जाता क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला, पिस्टनला, सगळ्यांना लागतं. तेल कमी पडलं तर पिस्टन पकडतो हे खरंच आहे, म्हणून मालकाचा संशय अगदीच हवेतला नव्हता.

पण हेड उघडलं तर जाम फक्त वरचाच सिलिंडर, खालचा एकदम ठणठणीत, पिस्टनचं डोकं छान चॉकलेटी रंगाचं. आता तुम्हीच सांगा, कार्बोरेटर एकच, टाकी एकच, पेट्रोल एकच, मग तेल वरच्याला कमी आणि खालच्याला बरोबर असं कसं होईल? तेल खरंच कमी असतं तर दोघांनाही ओरखडे दिसले असते, आणि पिस्टनला चारी बाजूंनी. इथे वरच्या पिस्टनचं डोकं पांढुरकं आणि ओरखडे फक्त एग्झॉस्टच्या बाजूला, म्हणजे त्या एका सिलिंडरला हवा जास्त आणि पेट्रोल कमी जाऊन तो तापला. जळका पिस्टन जन्मपत्रिकेसारखा वाचता येतो बापा, पण वाचायचं कोणाला आहे. पाण्याचा पंप बसला की चार कोपऱ्यांवर चार पट्टे येतात, डोक्याला मधोमध भोक पडलं तर मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेऊन राहिलं, कडा उंदराने कुरतडल्यासारखी दिसली की नॉकिंग, म्हणजे मिश्रण आत स्फोटासारखं पेटत होतं.

आमच्या केसमध्ये चोर निघाला फ्लायव्हीलखालचा वरचा क्रँक ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या वरच्या टोकाची रबरी कडी. टू स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडरचा क्रँककेसचा, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीचा, कप्पा वेगळा असतो, त्यामुळे वरचा सील गेला की बाहेरची हवा फक्त वरच्यालाच ओढली जाते. क्रँककेस बंद करून हातपंपाने थोडी हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं तर सीलपाशी बुडबुडे यायला लागले. रबर वर्षानुवर्षं टिनाच्या शेडमध्ये आपल्या नागपूरच्या ४५ डिग्रीत वाळत पडलेलं, पापडासारखं कडक. यात पोराचा काय दोष? मालकाला बुडबुडे दाखवले, आठवड्याने पैसे परत दिले असं पोरगा सांगून गेला.

आता दुरुस्तीचं, कारण बरेच लोक इथेच पैसे बुडवतात. बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या, भिंतीला पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं असतं, ते पाहून लोक म्हणतात सिलिंडर गेला. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. लायनर (सिलिंडरमधली आतली नळी) लोखंडी असेल तर बाथरूम धुवायचं ॲसिड कापसाच्या बोळ्याने फक्त त्या डागावर लावायचं, फेस येतो, ॲल्युमिनियम विरघळतं, लोखंड राहतं. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आणि ब्लॉकच्या ॲल्युमिनियमवर थेंब नको कारण तेही खाऊन टाकेल. मग सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच तेल लावा, नाहीतर डोळ्यांसमोर गंज चढतो. त्यानंतर होनिंग, म्हणजे दगडाने आतून बारीक घासणं, आणि बोअर वरती, मधे, खाली, आडवं उभं असं मोजायचं. काही मोटरींच्या बोअरला आतून प्लेटिंग असतं, तिथे ना ॲसिड ना बोअरिंग, आधी खात्री करा.

पिस्टनवर हलके ओरखडे असतील आणि रिंग मोकळ्या असतील तर चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने, ओला करून, फक्त उंचवटे काढा. रिंगच्या खाचेमधली कड तुटली असेल तर तो पिस्टन भंगार, त्याला आर्गन वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील पण मी कधी विश्वास ठेवणार नाही, वेल्डिंगच्या उष्णतेने पिस्टनचा कडकपणाच जातो. नवीन पाहिजे तर पाव किंवा अर्धा एमएम ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घ्या आणि मग त्याच्या मापाने बोअर करा, उलटं नाही.

बोअर करायला कारीगर कुठून आणायचा हा प्रश्नच नाही, ज्याने यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलची बोअरिंग केली आहे त्याला हे सगळं पाठ आहे. ती गाडी १९९६ ला बंद झाली तरी तिचे शौकीन आणि मिस्त्री अजून शिल्लक आहेत. त्याला फक्त सांगा की बोअरिंगनंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा हलक्या हाताने मारून घे, नाहीतर रिंग कडेला अडकून तुटते. रिंगच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगची तोंडं तिथेच बसली पाहिजेत. जुन्या मोटरींच्या पिस्टनला डोक्यावर उंचवटा असतो, त्याची उतरती बाजू एग्झॉस्टकडे. गजन पिनच्या (पिस्टनमधून आरपार जाणाऱ्या पिनच्या) सर्क्लिप जुन्या परत लावू नका, दहा वीस रुपयांसाठी अख्खा ब्लॉक जातो.

तेलाबद्दल एक सांगायचं राहिलं. पंपावर मिळणारं टू-टी तेल स्कूटरसाठी आहे, पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या मोटरीला राख न धरणारं टीसी-डब्ल्यू३ तेल लागतं, नाहीतर डोक्यावर थर बसतो. आणि पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. आपले खासदार गडकरी साहेब इथेनॉलचे मोठे पुरस्कर्ते आणि ऊसवाल्यांसाठी ते चांगलंच असेल, पण त्यात ऑक्सिजन असतो म्हणून जुन्या कार्बोरेटरच्या त्याच जेटमध्ये (पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात) मिश्रण आणखी पातळ होतं, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, आणि ते पाणीही ओढतं. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं तर पाणी आणि अल्कोहोल मिळून खाली बसतं, त्या थरात तेल जवळपास नसतं, आणि मोटर नेमकं खालूनच ओढते. तेव्हा सीझन संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करा, पेट्रोलच्या चार पैशांसाठी जीव तोडू नका.

हे मी फक्त हौशी बोटवाल्यांसाठी लिहून नाही राहिलो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं आणि लोकांना बोटीने काढावं लागलं हे आपण विसरलेलो नाही. ज्यांच्या ज्यांच्याकडे बचावासाठी ठेवलेली मोटर आहे, सरकारी असो की सोसायटीची, त्यांनी मे महिन्यातच ती पाण्याच्या ड्रममध्ये लावून चालवून बघावी. कोरडी चालवू नका, इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र, काही सेकंदात जळतो. मागून पाण्याची बारीक धार आली पाहिजे, धार नाही तर लगेच बंद. इम्पेलर दर एक दोन वर्षांनी बदला, दिसायला चांगला असला तरी. आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावून दोन्ही सिलिंडर तपासा, दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर पावसाची वाट न पाहता हेड उघडा, त्यासाठी नवीन हेड गॅस्केट आधीच आणून ठेवा कारण जुनं परत बसवलं तर तिथून पाणी आत शिरतं.

आपला,
एक जुना मिस्त्री, मानेवाडा, नागपूर